तीन कानांची इमारत

कल्पना करा, तुमच्यासमोर सहा मजली इमारत उभी आहे. तिला आतून कुठे इजा झालीय का, हे तुम्हाला शोधायचंय. आणि ऐकायला तुमच्याकडे कान आहेत फक्त तीन.

या इमारतीची तपासणी करणाऱ्या आजोबांकडे थरथर टिपणारे तीनच सेन्सर होते. एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्यावर, एक गच्चीत. दर वर्षी ते तळमजल्यावरच्या खांबाला लाकडी हातोड्याने ठोका मारायचे. इमारत किंचित थरथरायची आणि लॅपटॉपवर तीन रेषा उठायच्या.

"हे काम मशीनला का नाही देत?" दहा वर्षांच्या नातीने विचारलं.

"मशीन कशाला? वीस वर्षं माझा ठोका एका मापाचा आहे."

यंदा मात्र रेषा निम्म्याच उठल्या.

"थरथर मध्येच कुठेतरी जिरतेय," आजोबा पुटपुटले. "भेग दिसतेय."

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भरलेली बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भेग निघाली, तर चौदा घरांना आजच बाहेर पडायचं होतं.

"काका, सांगा एकदाचं. निघू की बॅग सोडू? आत मांजर आहे हो!"

"काकू, आधी तिला बाहेर काढा," नात म्हणाली. बॅगेतून एक मिशाळ तोंड डोकावलं.

आजोबांना हसू आलं नाही. नातीने गेल्या वर्षीच्या रेषांचा कागद स्क्रीनशेजारी धरला.

"आजोबा, भेग नेमकी कुठे, ते कसं कळतं?"

"तिच्या जवळच्या कानाला सगळ्यात वेगळं ऐकू येतं."

"पण या तिन्ही रेषा अगदी सारख्याच कमी झाल्यात."

"म्हणजे इमारत सगळीकडूनच खचलीय गं. वीस वर्षं जपली होती हिला." त्यांनी पेन उघडलं. 'इमारत तातडीने रिकामी' इतकं लिहून झालं.

"थांबा ना. अजून एकदाच."

"पाचदा मारून झालं, राणी. बघ, घामाघूम झालोय."

"शेवटचं. माझ्यासाठी."

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी हातोडा उचलला. नात त्यांना खेटून उभी राहिली. त्यांच्या मुठीवर तिने आपले दोन्ही हात घट्ट आवळले आणि त्यांच्याबरोबर जोर लावून ठोका मारला.

तिन्ही रेषा गेल्या वर्षीइतक्याच उंच उठल्या.