२४५/४० आर १८

"दोनशे पंचेचाळीस!" आई ओरडली. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून निघालेली चिठ्ठी तिच्या हातात होती. "साखर कधी तपासलीस तू?"

तिच्या मुलाचा, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याचा, घास हातातच राहिला. चिठ्ठी टायरवाल्याची होती. २४५/४० आर १८. त्याच्या लाल, दोन सीटच्या, चौथ्या मालकाकडून घेतलेल्या स्पोर्ट्स कारसाठी. टायरची रुंदी, रुंदीच्या मानाने उंची आणि चाकाचं माप. पण आईची सगळी नोकरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेलेली. तिला आकडा दिसला की आधी रक्त आठवायचं.

"चाळीस हे चांगलं कोलेस्टेरॉल, तेही काठावर. आणि अठरा म्हणजे व्हिटॅमिन डी. कसं होणार रे तुझं!"

चुकीचं वाचलंस, असं म्हणायचीही सोय नव्हती. तिच्या नाकावरचा चष्मा त्यानेच करून दिला होता.

खरं सांगणं तर त्याहून अवघड. घराच्या गॅलरीत आधीच अकरा टायर रचलेले होते. कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. बायकोने वैतागून एकात झेंडू लावला होता. मागच्याच महिन्यात दोघींसमोर उभं राहून त्याने आईची शपथ घेतली होती, की आता या घरात नवा टायर येणार नाही. आता टायर म्हणावं तर शपथ मोडली, साखर म्हणावी तर निदान कोणी अंगावर येणार नाही. त्याने मान खाली घातली.

"परवाच तपासली," तो म्हणाला. आईने त्याच्यासमोरचं ताट उचललं.

या सगळ्याच्या मुळाशी भावोजी होते. मागच्या वर्षी गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताईच्या या नवऱ्याने त्याला अर्ध्या सेकंदाने हरवलं होतं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक जेवणात भावोजी डोळा मिचकावून दाखवत. "अर्धा सेकंद म्हणजे एवढाच हं." डोळ्यांवरच पोट भरणाऱ्या माणसाला हे फार लागायचं. यंदा काहीही करून तो अर्धा सेकंद परत आणायचा होता.

म्हणून तर सतरा इंची चाकं की अठरा, याचा घोळ तीन आठवडे चालला होता. दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायचा, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" आणि कोणी रेंगाळलं की मनातून चिडायचा. स्वतःला मात्र सतराही नीट दिसत होतं आणि अठराही. टायरवाल्याने समजावलं होतं, "अठरा दिसायला झकास. पण सतरा हलकं. चार चाकांत मिळून पाच किलो वाचतील. शेवटी वजन महत्त्वाचं, साहेब." एवढं बोलल्यावर त्याची नजर चष्मेवाल्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली. पण गिऱ्हाईक मोठं होतं. त्याने अठराची चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवसापासून घराचं इस्पितळ झालं. चहातली साखर गेली, मग चहाही गेला. उकडलेल्या भाज्या आल्या. सकाळी तासभर चालणं, आई बरोबर. दुकानाला जाता-येताना चालणं, आई बरोबर. टायरवाल्याच्या गल्लीत ती मुद्दाम भराभर चालायची. व्हिटॅमिन डीसाठी त्याला रोज गच्चीवर उघडाबंब बसवलं जाई.

"अहो, तेवढी पाठ भिंतीकडे करून बसा," बायको खालून सांगायची. "समोरच्यांनी खिडकी लावून घेतलीय."

एकदा दुपारी डुलकीत तो बरळला, "अठरा नको, सतराच करू."

"आणखी कमी?" आई किंचाळली आणि त्याचं ऊन अर्ध्या तासाने वाढलं.

अडीच महिन्यांत अकरा किलो उतरले. टायर काही घेता आले नाहीत. ट्रॅकच्या दिवशी तो जुन्याच सतरा इंची चाकांवर, झिजलेल्या टायरांवर आणि पडलेल्या चेहऱ्याने गेला. सीटवर बसला तर पोट स्टिअरिंगला लागेना. सीट दोन घरं पुढे घ्यावी लागली. पाय पहिल्यांदाच ब्रेकवर पूर्ण पोचला.

भावोजी अर्ध्या सेकंदाने मागे राहिले. खाली उतरून ते थेट त्याच्या चाकाशी उकिडवे बसले.

"कुठले टायर टाकलेस?"

"जुनेच आहेत."

"घरच्या माणसाशी तरी खोटं बोलू नकोस!"

हे वाक्य त्याला भलतीकडेच लागलं. घरी येऊन तो बूटही न काढता आईसमोर उभा राहिला.

"आई, मला साखर नाहीये. ती चिठ्ठी टायरची होती. तुझी शपथ मोडायला निघालो होतो मी."

आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जन्मभर रिपोर्ट लिहिले मी. साखरेच्या रिपोर्टात 'आर' कुठून येणार रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून कधी ऐकलंयस? तू जिना चढताना धापा टाकायचास, इथे माझ्या छातीत धडधडायचं." तिने शेवटची शेंग सोलली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हटलं, टायरचा विषय निघालाच आहे, तर आधी पोटावरचा उतरवू."