पूजेतला पासपोर्ट

खंडेनवमीला सुदेश उजाडताच आंघोळ करून बसला, तेव्हाच चित्राला शंका यायला हवी होती. एरवी ज्याला देवापुढे उदबत्ती लावायचीही आठवण करून द्यावी लागायची, तो नवरा आज सोवळं नेसून हॉलमध्ये पाट मांडत होता. पाटावर लाल कापड, त्यावर गाडीची किल्ली, पान्यांचा डबा, चित्राची शिवणाची कात्री आणि मधोमध लेकीचा, सान्वीचा, निळा अमेरिकन पासपोर्ट. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली आणि साहेब मोकळे झाले.

सान्वी पाठीला बॅग लावून खोलीतून बाहेर आली. तिला वांद्र्याला अमेरिकेच्या वकिलातीत पोचायचं होतं. तिथे तो पासपोर्ट देऊन टाकायचा, त्या देशाचं नागरिकत्व सोडलं असं शपथेवर सांगायचं, आणि मग इथलं मिळायची वाट बघत बसायचं. ठाण्यातल्या बाळकुमहून निघायला उशीर झाला तर रस्त्यात काय होईल ते वेगळं सांगायला नको. खालून टॅक्सीवाल्याचा फोनही येऊन गेला होता.

"बाबा, पासपोर्ट?"

"पूजेत आहे." सुदेशने वर बघितलं नाही. "पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नसते."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. आमच्या गावाला आजच्या दिवशी कोयत्याला कोणी हात लावत नाही."

हे काही खोटं नव्हतं. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, ही रीत कित्येक घरांत आहे. पण पासपोर्ट हे हत्यार असतं, हे या घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

सान्वी न्यू जर्सीत जन्मली. ती चार वर्षांची असताना सुदेशची तिथली नोकरी गेली, व्हिसाही संपला आणि तिघं ठाण्याला परतली. येताना आणलेला टोस्टर इथल्या विजेवर पहिल्याच दिवशी जळला. बाकीच्या वस्तूही एकेक करून गेल्या, उरला तो पोरीचा पासपोर्ट. पुढे पोरगी कबड्डीच्या मॅटवर वाढली. डाव्या कोपऱ्याला उभी राहून तिने चढाई करणारीचा घोटा धरला की सुटका नसायची. भारताच्या शिबिराची गोष्ट निघाली तेव्हा तिच्या कुंडलिक सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "तुझ्याकडे जे परदेशी नागरिक असलेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे ना, त्याच्यावर इथे राहता येतं, शिकता येतं, फ्लॅटसुद्धा घेता येतो. भारताची जर्सी तेवढी मिळत नाही. आणि नागरिक झालीस तरी तुला घेतीलच, असं मी लिहून देणार नाही."

हे शेवटचं वाक्य सुदेशच्या डोक्यात महिनाभर घुमत होतं. निरांजन विझेल म्हणून त्याने पंखा बंद केला, घाम आला म्हणून पुन्हा लावला. गॅलरीत जाऊन टॅक्सी बघून आला आणि पाटासमोर असा उभा राहिला की कुणाला वाटावं, कोणी फुलंच चोरणार आहे.

"नीट ऐक," तो म्हणाला. "आज तो देऊन आलीस की उद्या तू कुठलीच नाहीस. तिथली नाहीस, आणि इथलं सर्टिफिकेट कधी हातात येईल कोण सांगणार? मधेच गुडघा गेला तर? तेलही गेलं आणि तूपही गेलं!"

"आणि नाही दिला तर?"

"तर काय बिघडतं? खेळतेयस ना ठाण्यात?"

"बाबा, शिबिरातली माझी जागा काय रिकामी ठेवणारेत? दुसरी कोणीतरी जाईल. कोण जाईल ते पण मला माहितीय. तिला मी दोनदा पकडलंय."

सुदेशने निरांजनाची वात पुढे सारली. त्याला भीती वाटत होती, आणि रागही येत होता. आपल्याला त्या देशाने ठेवून घेतलं नाही, निदान पोरीसाठी दार उघडं होतं. ते ती स्वतःच्या हाताने लावायला निघाली होती, आणि वर घाई करत होती.

चित्रा डबा भरून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने पाट बघितला, नवऱ्याकडे बघितलं.

"अरे, हलवायचं नसतं ते तसंच उचलून. उत्तरपूजा करून हलवता येतं की! दीड दिवसाचा गणपती काय तसाच बसून राहतो?" मग डबा लेकीच्या बॅगेत सरकवत ती म्हणाली, "पूजा तू मांडलीस, तूच उठव."

टॅक्सीवाल्याचा पुन्हा फोन आला. सान्वीने तो कट केला. एका झडपेत पासपोर्ट उचलून तिला पळता आलं असतं, बापाला ती भारी होती. तिने तसं केलं नाही. बॅग उतरवली आणि मांडी घालून पाटासमोर बसली.

तिने हात पुढे केला असता तर सुदेश ओरडला असता. आता त्याला ओरडताही येईना. तो तिच्याशेजारी बसला, मुठीत अक्षता घेतल्या. उत्तरपूजेचं त्याला गणपतीमुळे पाठ होतं. देवाला निरोप द्यायचा, आणि शेवटी 'पुनरागमनाय च', म्हणजे पुन्हा या, असं म्हणून अक्षता वाहायच्या. तो पुटपुटत त्या शेवटापर्यंत आला आणि गप्प झाला.

"म्हण की रे," चित्रा म्हणाली.

"याला कसं म्हणू? हा परत येणारे का?"

सुदेशने पासपोर्ट उचलला, त्यावरचं कुंकू सोवळ्याच्या काठाला पुसलं आणि तो सान्वीच्या हातात दिला. मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या. त्या त्याने तिच्या डोक्यावर टाकल्या.

"पुनरागमनाय च."