सातवी फिल्म

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट नाकाला टेकेल इतका जवळ नेला.

"सीआरपी दोनशेच्या वर, म्हणजे दाह जोरात. अल्ब्युमिन उतरलेलं," ते समाधानाने म्हणाले. "फुफ्फुसात आग लागली, की यकृत बघ कसं लगेच कामं बदलतं! रोजचं अल्ब्युमिन बनवणं बाजूला, आधी बंब."

ती, त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, खाटेशेजारी अंग चोरून बसली होती. एकतीस वर्षांनी भेटत होती. "न्यूमोनिया झालाय, एकदा येऊन जा," असा सरांच्या बायकोचा फोन आला नसता, तर आलीही नसती. पण आता तो आवाज ऐकला आणि तिला एकदम ती जुनी प्रयोगशाळा दिसली. बर्फाच्या बादल्या, डार्करूममधला लाल दिवा, फिल्म धुताना बोटांना लागणारा आंबूस वास. प्रथिनं वेगळी करायचं पातळ जेल साच्यात ओतताना सर बेसूर गुणगुणायचे आणि बुडबुडा आला की गाणं तिथेच तोडायचे. तिला चिमणी म्हणायचे. ती डबा विसरली की आपल्यातला अर्धा द्यायचे. त्यांच्याच हाताखाली आयुष्य काढायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. दुसरीकडून नोकरीचं पत्र आलं होतं, त्याला ती नकार कळवणार होती.

मग ती फिल्म आली, पेशीतली प्रथिनं काळ्या पट्ट्यांनी दाखवणारी. शरीरात दाह सुरू झाला की यकृताच्या पेशीतलं, अल्ब्युमिनचं जनुक चालवणारं प्रथिन नष्ट होतं, असं सर वर्षानुवर्षं सांगत आले होते. तिच्या फिल्मवर ते प्रथिन जसंच्या तसं होतं. पेशी त्याला नुसता फॉस्फेट चिकटवत होती आणि त्याची जनुकावरची पकड सुटत होती.

"काहीतरी घोळ घातलायस. पुन्हा कर," सर म्हणाले होते.

तिने सात वेळा केलं. सातवी फिल्म त्यांनी सगळ्यांदेखत केराच्या टोपलीत टाकली. "तुझ्या हाताला वळणच नाही," म्हणाले. त्याच आठवड्यात तिने ती नोकरी धरली. दोन वर्षांनी तोच शोध तिने एकटीच्या नावावर छापला. त्याच्या जोरावर तिची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. तो अपमान मात्र तिने जिवापाड जपला.

"प्रथिन कुठे गेलेलं नाहीये बरं का," सर आता तिलाच समजावत होते. "पकड तेवढी सोडलीय. मी बरा झालो की पुन्हा धरेल."

तिला राहवलं नाही. "सर, हे तर माझं म्हणणं होतं. तुम्हाला कधी पटलं?"

"तू पाचव्यांदा केलंस तेव्हा. रविवारी येऊन मी स्वतः करून पाहिलं. तेच आलं."

"मग फिल्म टोपलीत का टाकलीत?"

सरांनी रिपोर्टची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"त्या आठवड्यात मी घरी बसून तुझ्या निकालावर पेपर लिहायला घेतला होता, चिमणे. पहिलं नाव माझं घातलं होतं. ते खोडायला हात धजेना. तू राहिली असतीस, तर तुझा शोध माझ्याच नावावर गेला असता. म्हणून आधी तुला तिथून घालवलं."