कुणाचा काका?

विनोदी मालिकेतल्या तोतऱ्या शिंप्याची टिंगल बघून प्रेक्षकांनी तक्रारींचे इतके फोन केले, की चॅनेलवाले ती मालिकाच बंद करायला निघाले. त्याआधी चॅनेलच्या साहेबांनी लेखकालाच फोनवर बसवलं. “शिव्या तरी गरमागरम खा.” पुढचा फोन स्पीकरवर घेतला. “म-मालिका बंद क-करू नका हो.” अख्खं ऑफिस खिदळलं. “काय नक्कल करतोय लेकाचा!” साहेबांनी टेबल बडवलं. “न-नक्कल नाही, मी असाच ब-बोलतो. माझा पु-पुतण्या लिहितो ती. त्याची न-नोकरी जाईल.” लेखकाने आवाज कधीच ओळखला होता. सख्खा काका; त्याच्यावरूनच तर शिंपी सुचलेला. “कुणाचा रे हा काका?” डोळे पुसत साहेबांनी विचारलं. लेखक सगळ्यांबरोबर हसला, जरा जास्तच मोठ्याने. “हे ह-हसणं तर आ-आमच्या पोराचं! अरे, तू ति-तिथंच आहेस होय?” काकांच्या आवाजात आनंद मावत नव्हता.