शून्य टक्के निकाल

टॅबलेटवर शेळीचं चित्र आलं. खाली तीन शब्द होते: शेळी, विमान, वांगं. द्वारकाबाईंनी चष्मा पुसला, बराच विचार केला आणि विमानावर बोट ठेवलं.

"द्वारकाबाई, शेळी कधी उडताना पाहिलीत का?" चारुताने विचारलं.

"ही जरा चपळ दिसती, बाई."

बिडकीन रस्त्यावरच्या या वस्तीपर्यंत शहर येऊन पोचलं होतं, नळ मात्र अजून वाटेतच होते. त्यात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दडी मारलेली. शाळेत बोअर होतं. प्रौढ साक्षरता वर्ग तिथेच भरायचा आणि पटावरच्या बायकांना जाताना दोन हंडे भरून न्यायची मुभा होती. वर्गात अकरा जणी. खाडा म्हणून कुणाचा नाही. आणि सहा महिन्यांत या अकराजणींचा निकाल शून्य.

अगदी सुरुवातीला चंपाबाई तेवढ्या पास झाल्या. नियमाप्रमाणे त्यांचं नाव पटावरून कमी झालं. त्यानंतर वर्गाला जणू दृष्टच लागली.

चारुता रडकुंडीला आली होती. गारखेड्याची मुलगी, पहिलीच नोकरी; टॅबलेटवर कुणीही तीन महिन्यांत वाचायला शिकतं, असं तिने छातीठोकपणे लिहून दिलेलं. आता ती स्वतःलाच दोष देत बसायची. बायका मात्र तिला फार जीव लावायच्या. परवा ती घाईत भलत्याच बसमध्ये चढत होती, तर द्वारकाबाईंनीच हाताला धरून खाली ओढलं.

"ही गारखेड्याला जात नाय. मागच्या गाडीत बसा."

इतकी हुशार बाई अक्षरापाशीच का अडते, हे चारुताला काही केल्या कळेना.

सोमवारी विस्तार अधिकारी काकासाहेब आले. त्यांनी निकालाचा कागद पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं.

"वर्ग बंद. टॅबलेट जमा करा."

"साहेब, अजून थोडी मुदत द्या. त्या शिकतील."

"मुदतीला विद्यार्थ्यांचा लेखी अर्ज लागतो. त्यांनी स्वतः लिहिलेला, तुम्ही नाही." काकासाहेब हसले. "आहे का?"

चारुताचे डोळे भरून आले. आपल्याला शिकवताच येत नाही, याची तिला आता खात्री पटली होती.

"टॅबलेट जमा करायच्या आधी जरा द्या, बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "शेवटचा हात लावून घेतो समद्या."

अकरा जणी टॅबलेट घेऊन व्हरांड्यात गेल्या. काकासाहेब वर्ग बंद करण्याचा फॉर्म भरत बसले. दहा मिनिटांनी द्वारकाबाईंनी टॅबलेट त्यांच्यापुढे ठेवला. काकासाहेबांनी मनात वाचलं, चारुताकडे पाहिलं आणि मग मोठ्याने वाचायला सुरुवात केली:

"प्रति, माननीय विस्तार अधिकारी. विषय: साक्षरता वर्गास पाऊस पडेपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, बाईंनी जिवापाड कष्ट घेऊनही आम्हा अकरा जणींना अद्याप एकही अक्षर ओळखता येत नाही. सबब वर्ग चालू ठेवावा. आम्ही निरक्षर असल्यामुळे अर्जाच्या लेखनात काही चूक झाली असल्यास क्षमा असावी."