दिवस मावळायच्या आत

मीटिंग संपायचं नाव घेत नव्हती आणि सूर्य यवतेश्वराच्या डोंगराला टेकला होता. ब्राह्मीनं पुन्हा खिडकीकडं पाहिलं. टेबलाच्या खणात तिचा डबा सकाळी ठेवला तसाच होता. विश्वजित सर पाइपलाइनच्या नकाशावर बोट फिरवत बोलत होते, आणि एकदा बोलायला लागले की त्यांना घड्याळ दिसत नसे. बघता बघता सूर्य डोंगराआड गेला. आजचंही जेवण गेलं.

ब्राह्मी जैनांची. दिवस मावळल्यावर पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही, हा नियम तिनं शाळेत असताना, चातुर्मासाला आलेल्या महाराजांसमोर घेतला होता. तासगावजवळच्या त्यांच्या गावात त्यात अवघड असं काही नव्हतं. अख्ख्या गल्लीच्या चुली उन्हातच विझायच्या. वडिलांनी, अण्णांनी, त्या दिवशी घरोघरी पेढे वाटले होते. साताऱ्यात मात्र ती एकटी होती. नोकरीला लागली दिवाळीनंतर. दिवस आखूड, आणि रोजची मीटिंग नेमकी मावळतीला. पाच मिनिटं द्या म्हणायला नव्या माणसाची जीभ उचलत नाही. एकदा तिनं मीटिंगच्या आधीच डबा उघडला, तर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, इतक्या लवकर पंगत बसली काय? सगळे हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण तिनं डबा परत उघडला नाही.

रात्री घरून फोन यायचा. अण्णा विचारायचे, जेवलीस का. ऑफिस दिवे लागल्यावर सुटतं, हे ती पहिल्याच दिवशी कौतुकानं सांगून बसली होती. म्हणून म्हणायची, ऑफिसातच जेवले, उन्हात. मग ती विचारायची, तुम्ही? तेही म्हणायचे, जेवलो. मग द्राक्षांवरच्या फवारणीचं बोलणं निघायचं. फोन ठेवला की तिच्या जिवाला चैन नसायची. ती खोलीत येरझाऱ्या घालायची, घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायची, रस्त्यावरच्या गाड्या बघत उभी राहायची. आपण इथं कशाला आलो, हे तिला रोज नव्यानं कळेनासं व्हायचं.

त्या संध्याकाळी जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती पायरीवरच बसली. घरमालकीण मनुबाई फौजीची बायको. नवरा नोकरीवर असताना दोन मुलं तिनं एकटीनं वाढवली होती आणि या पोरीवर तिची बरेच दिवस नजर होती. तिनं दूध-भाकरी कुस्करून आणली आणि वाडगा पोरीच्या मांडीवर ठेवला.

"धरम-बिरम उद्या बघ," मनुबाई म्हणाली. "आदी खा."

ब्राह्मीनं खाल्लं. वाडगा संपल्यावर आणखी मागितलं. ते इतकं गोड लागलं की तिला स्वतःचाच राग आला. त्या रात्री घरचा फोन वाजून वाजून बंद झाला. तिनं उचलला नाही, फक्त झोपते म्हणून मेसेज टाकला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कुणाला न सांगता तिनं एसटी धरली. कराड येईपर्यंत मनात वाक्यं जुळवली, कराडला गाडी बदलली आणि सगळी विस्कटली. सांगायचं तेवढंच होतं. नियम मोडला, आणि नोकरी सोडते. रोज वडिलांशी खोटं बोलण्यापेक्षा गावात बेदाण्याच्या शेडवर उभं राहिलेलं काय वाईट? शेजारची बाई तिला सीटवर नीट बस म्हणाली, इतकी तिची चुळबुळ चालली होती.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आई, गुणमाला, स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन बसत होती. अण्णा सोप्यात भिंतीला टेकून छाटणीची कात्री पुसत होते. गालफडं बसलेली दिसली. बागेचं काम फार झालं असेल, तिला वाटलं. चपलासुद्धा न काढता ती उंबऱ्यातच बोलली.

"अण्णा, काल मी दिवस बुडाल्यावर जेवले. त्येच्या आदीबी जेवले जेवले म्हणून खोटंच सांगत हुते, उपाशीच ऱ्हायाची. नियम आन नोकरी दोन्ही जमंना मला. मी नोकरी सोडते."

आईचा घास हातातच राहिला. अण्णांनी कात्री खाली ठेवली. सख्ख्या भाच्याच्या लग्नात पंगतीला उशीर झाला म्हणून हा माणूस न जेवता घरी परतला होता. तिथल्या लोकांना अजून तो राग आहे. ब्राह्मी मान खाली घालून उभी राहिली. आता काय ऐकावं लागेल, त्याची तिनं तयारी केली होती.

"काल पोटभर जेवलीस न्हवं?" अण्णांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मग सोमवारी कामावर जायाचं. म्हाराजांना काय सांगायचं ते मी सांगतो." ते उठले, परसात जाऊन हात धुऊन आले, आणि येता येता मावळतीकडं बघून घेतलं. "अगं, मलाबी ताट कर. दिवस हाय अजून."

गुणमालानं तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे, ब्राह्मीला कळेना. ताट तर रोज या वेळेला असतंच, त्यात मागायचं ते काय?

"तू गेल्यापास्नं सांजचं ताट आज पयल्यांदा मागत्यात," आई म्हणाली. "पोरगी तिकडं उपाशी आसंल आन मी हितं कसं जेवू, म्हणायचं."