भिंतीशी गप्पा

“डॉक्टर, आई दुपारभर भिंतीशी बोलते. मधेच हसतेसुद्धा,” मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी आईकडे मान न वळवता गोळी लिहून दिली.

महिन्याने मायलेक पुन्हा आले. मुलगा खूश होता. आईची दुपार आता ढगावर आडवं पडल्यासारखी जायची. शब्द ओठांपर्यंत येता येता धुक्यासारखे विरायचे.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिला विचारलं, “काय हो आजी, भिंत काय म्हणायची?”

“भिंत बोलते होय, डॉक्टर?” ती झोपेतल्यासारखी म्हणाली. “पलीकडे शेजारीण असते. तिचे गुडघे गेले, माझे डोळे. म्हणून भिंतीतूनच चालायचं आमचं.”

“आणि आता?”

“आता मी गप्प, ती एकटीच बोलते. म्हणून तिच्या सुनेनं तिलाही आणलंय. बाहेर बसलीय, पुढचा नंबर तिचाच.”